गट दोन

बाहेर परभणीचा एप्रिल, त्रेचाळीस.
प्राणिगृहात चोवीस, मोजून.
"उंदराचं नशीब," म्हणतात हैबतीमामा
आणि दार ओढून घेतात, गारवा सांडू नये म्हणून.

आतड्याला गाठ, सुईचं एक भोक, वर टाका.
विष रक्तात उतरायला रात्र पुरते.
गट तीनला औषध, दर सहा तासांनी.
गट दोनला नुसतं मिठाचं पाणी.

दोन वाजता वीज गेली.
मामा ओला पंचा पिंजऱ्यांवर धरून उभे.
"ह्या कप्प्यातले मरायलेत, मॅडम.
त्यास्नीबी द्या की एक थेंब."

मी तुलना समजावली. दोन नसेल
तर तीनचं काही सिद्ध होत नाही.
बराच वेळ मान हलवत राहिले.
मग म्हणाले,
"आमची केवळा कोन्त्या गटात व्हती,
त्या वॉर्डात?"

मी बॅटरी वहीवर धरली. तापमान लिहिलं.

सकाळी यकृतं काढली.
दोनमधली मातकट, ठिपके पडलेली,
बोटाखाली पिठूळ.
तीनमधली तांबडी, ओली, धारदार कडांची.
दहापैकी सात वाचले होते.
सात म्हणजे पुष्कळ. सात म्हणजे अजून फक्त उंदीर.

मामा बरण्यांना चिठ्ठ्या डकवत होते.
"खाटीक कलेजी म्हंतो, आमी काळीज.
तुमी काय लिवता?"

यकृत, मी म्हणाले.

त्यांनी शब्द एकदा तोंडात घोळवला,
आणि गट दोनची बरणी
दोन्ही हातांनी उचलून
फळीवर ठेवली.