डावी खिडकी

जपानात हिचं स्टिअरिंग उजवीकडे शोभलं असेल.
इथे मेस्तियात गाड्या उजव्या अंगाने चालतात,
म्हणजे माझ्या बाजूला दरी, खाली एंगुरीचा घोगरा आवाज,
आणि माणसं सगळी डावीकडे:
औषधाची पिशवी सोपवणारी, भाड्यावरून हुज्जत घालणारी,
"त्सियुरी, जरा थांब गं" म्हणणारी.
तीच खिडकी अडकली, ऑक्टोबर सरता सरता,
ना वर ना खाली.
बटण दाबलं की नुसतं 'टक'.

"टक करते ना? मग मेलेली नाही,"
गुराम म्हणाला फोनवर, व्रोत्सवाफहून,
सॉसेजच्या कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत.
"बटण दाबून धर आणि दारावर बुक्की मार. खालच्या कोपऱ्यात."
मारली. काच बोटभर सरकली, पुन्हा हटून बसली.
"ब्रश झिजलेत," तो म्हणाला,
आणि त्याची घंटा झाली.

दाराचं आतलं आवरण उचकटलं.
सात क्लिपा होत्या, चार तुटल्या.
मागचा प्लास्टिकचा कागद डांबरासारख्या गोंदाने धरलेला,
तो पावाच्या सुरीने सोडवला.
काच आधी चिकटपट्टीने चौकटीला बांधली,
कारण मोटर सुटली की त्या कात्रीची स्प्रिंग
कुणाचं बोट आहे ते बघत नाही.
बेकाच्या अंगठ्याचं नख अजून वाकडं उगवतं.

आत, पत्र्यावर, पांढऱ्या खडूने तीन जपानी अक्षरं.
तारीख असेल. किंवा नाव.
किंवा 'हे उघडू नका'.

मग एक बल्ब, दोन तारा.
वर दाबलं, पेटला. खाली दाबलं, पेटला.
म्हणजे फ्यूज शहाणा, बटण शहाणं,
बिजागरीपाशी तीस वर्षं वाकत आलेली तारसुद्धा शहाणी.
वीज दारापर्यंत येते,
उंबरा तेवढा ओलांडत नाही.

मोटर ओट्यावर उघडली, कणकेच्या परातीशेजारी.
काळी भुकटी. ग्रीस थिजून मेणबत्तीसारखं.
एक ब्रश मसुरीच्या डाळीएवढा उरलेला.
नानुलीचं मोडकं वॉशिंग मशीन खुराड्यामागे पडलंय,
त्याचे ब्रश काढले, कोंबड्यांच्या शिव्या खात,
आणि दुपारभर सँडपेपरवर घासले,
माप डोळ्यांनी, मग पुन्हा डोळ्यांनी.
रात्रीच्या पावावर माझा काळा अंगठा उमटला.
पोरांनी त्याच बाजूने आधी खाल्लं.

डाव्या सीटवर गुराम बसायचा.
लाकडाच्या ट्रकमागे अडकलो की
खिडकीतून अर्धा बाहेर वाकायचा:
ये... ये... अजून... थांब!
त्या 'थांब'वर मी डोळे मिटून ब्रेक दाबलाय.
आता ट्रकमागे वीस वीस मिनिटं सरपटते.
गेल्या उन्हाळ्यात एका जर्मन पोराला विचारलं, रस्ता मोकळा आहे का?
त्याने नकाशा उघडला.

तीन स्क्रू आवळले. बटण दाबलं.
गेली वर,
म्हाताऱ्याने जिना चढावा तशी,
मधे एकदा दम खाऊन.
मी तो आवाज टिपून पाठवला. सोबत काही लिहिलं नाही.

मध्यरात्री उत्तर आलं:
'शेवटची चार बोटं जड जातायत.
रबराला साबण लाव.'
दोन हजार किलोमीटरवरून
एवढंच ऐकलं त्याने, किंवा एवढंच लिहिलं.

सकाळी साबण लावला. कपड्यांचा, पिवळा.
खरंच हलकी झाली.
क्लिपा चारच्या चार नाहीत, म्हणून दार
खडबडीत रस्त्यावर दात वाजवतं.
उद्या उश्गुलीला सहा जण आहेत आणि एक शिलाई मशीन.
डावीकडे कुणाला बसवायचं
ते अजून ठरलं नाही.