सुऱ्यांची मोजणी

मी फक्त गाडी चालवतो.
लिथुआनियाच्या दक्षिण टोकाला, नकाशात
आमचं गाव अजून आहे.
गाडी शाळेची होती, पिवळी. मुलं संपली,
तेव्हा तिच्यावरची अक्षरं खरवडली
आणि बुधवार माझ्याकडे आला.

बुधवारी झिविले बसते पुढे, वडिलांचे बूट घालून,
मांडीवर थर्मास, पायाशी टोपली,
टोपलीत सुऱ्या. पाच.

मागे जेनोवाइते, तीस वर्षं पत्रं वाटलेली,
अजून प्रत्येक फाटकापाशी मान वळवते;
विद्मांतास, गेल्या हिवाळ्यापासून
फक्त "हो" म्हणतो, तेही कुणी न विचारता;
स्टेफा, तिचं मला माहीत नाही, मी विचारलं नाही;
आणि एडव्हिनास, नॉर्वेत मासे सोलून सोलून
नखं पांढरी करून परतलेला.

तालुक्याच्या कचेरीत गहजब झाला होता.
अशा माणसांच्या हातात सुरी?
झिविले म्हणाली, अळंबी उपटायची नसते,
देठाशी कापायची असते,
खालचं जाळं जमिनीत राहू द्यायचं असतं.
साहेबांना वाटलं, ही भलतंच काही सुचवतेय.
ती अळंबीबद्दलच बोलत होती.

तोडगा निघाला: ड्रायव्हरने मोजायच्या.
देताना, घेताना. वहीत सही.

कसं वाटतंय, असं ती कधीच विचारत नाही.
म्हणते, पाइनखाली शेवाळ कुठे जास्त ओलं आहे, बघा बरं.
आणि माणसं बघतात. वाकतात.
विद्मांताससारखा आडदांड गडी गुडघ्यांवर येऊन
तपकिरी टोपीवरची एक सुई
फुंकून उडवतो.
मी काचेतून बघतो. हीटर चालू असतो.

सप्टेंबरच्या तिसऱ्या बुधवारी सुऱ्या भरल्या चार.
पुन्हा मोजल्या. चारच.
एडव्हिनास नव्हता.

जंगलात उजेड घोटाघोटाने कमी होतो.
हॉर्नवर हात गेला माझा; झिविलेने मनगट धरलं.
दचकवू नको, म्हणाली. तिचाही हात गार होता.
तेवढ्यात जेनोवाइते नावं पुकारू लागली,
त्याचं नाही,
तिच्या जुन्या वाटेवरच्या घरांची, एकेक, क्रमाने,
मेलेल्यांचीसुद्धा.
सातवं नाव माझ्या भावाचं आलं.
मी इंजिन बंद केलं.

तो आला तेव्हा टोपली रिकामी,
विजारीचे गुडघे काळे.
शेवाळात पडली, म्हणाला, केव्हापासून चाचपतोय.
एक कमी भरली असती तर
पुढच्या बुधवारी आणलं नसतं तुम्ही आम्हाला.
सुरी त्याने मुठीकडून माझ्यापुढे धरली.

वहीत लिहिलं: पाच.
सही काही नीट आली नाही.

सगळ्यांना दारोदार सोडून परतलो. गाडीला
ओल्या पाल्याचा, अळंबीचा वास, पार शनिवारपर्यंत.
बायको म्हणाली, खिडक्या उघड जरा.
नाही उघडल्या.