आरशाची पाठ

कुरिअरवाल्यानं पाकीट जिन्यात टाकलं
तसा निवृत्ती तीन पायऱ्या एकदम उतरला.
एक मीटर काळं कापड.
“पैठणीच्या पदराएवढे पैसे गेले, आत्या,
कात्री तूच चालव.”

वीस वर्षं ब्लाउज शिवायलेय मी जिंतूर रोडला,
असं कापड हातात आलं नव्हतं.
सुती नाही, रेशमी नाही, कार्बनचं म्हणे.
दोन वर, दोन खाली, तिरकी वीण,
अन् काठाला बोट लागलं की
धागे सुटून चालू पडतात.
चिकटपट्टी लावली, पट्टीच्या मधून कापलं.
तो सरळ कापा म्हणत होता.
मी म्हटलं, उरेब.
आरसा असो की बाही,
गोलाईवर आडवं कापड ऐकत नसतं.

गाडी म्हणजे झेन, तिसऱ्या हातची,
दोन्ही आरशांच्या पाठीचा रंग पोपडे धरलेला.

पहिला डाव मे महिन्यात, दुपारी, गच्चीवर.
रेझिनच्या डब्यावर लिहिलेलं : पंचवीस मिनिटं.
सहाव्या मिनिटाला पेल्यातून धूर,
पेला वाकला, ब्रश त्यातच उभा राहिला.
जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ना,
डबा जर्मनीचा होता.
त्यानं परभणी पाहिली नव्हती.
अर्धं कापड गेलं.
निवृत्ती दोन दिवस जेवायला खाली आला नाही.

दुसरा डाव पहाटे साडेचारला.
कूलर बंद, धूळ नको म्हणून फरशी पुसलेली.
पहिला हात लावून थांबायचं,
बोटाला चिकटावं, पण बोटावर येऊ नये.
किती वेळ, ते त्याला घड्याळात हवं होतं.
मी सांगितलं, एकतारी पाकाच्या जरा पुढं.
मग कापड ठेवलं, मधून काठाकडं दाबत नेलं,
एकही चुणी नाही.
त्यावर चार थर, चार पहाटा.

आता घासायचं, पाण्यात बुडवलेल्या कागदानं.
नळाला तेव्हा नववा दिवस.
वहिनी म्हणाली, “भांड्यांना नाही अन् आरशाला पाणी?”
शेवटी कपडे विसळलेलं घेतलं,
थोडा साबण उरलेलं.
नंतर कळलं, साबणाचा थेंब घालतातच.

चारशेच्या कागदानं सगळी चमक गेली.
दूध उतू गेल्यासारखं पांढरं.
“बिघडलं, आत्या.”
“घास.”
आठशे. पंधराशे. दोन हजार.
माझ्या जुन्या मलमलच्या अस्तराला पॉलिश लावून
गोल गोल, खांदा भरून येईस्तोवर.
अन् मग वीण खाली गेली,
वर बोटभर पाणी साचलं, न हलणारं,
त्यात गच्चीची दोरी, दोरीवरचा टॉवेल,
अन् आम्ही दोघं, बुटके, नाकं मोठी.

काठाजवळ टाचणीएवढं एक भोक राहिलंय.
“कुणाला दिसायलंय?” तो म्हणतो.
मला दिसतं.
मुंढ्यातली चुणी गिऱ्हाइकाला दिसत नाही,
मला रस्त्यापलीकडूनही दिसते.

झेन आता एका काळ्या, एका पोपड्याच्या
आरशानं बाजारात फिरते.
वीतभर तुकडा माझ्या चिंध्यांच्या पिशवीत आलाय,
जॉर्जेट अन् खणाच्या मधोमध.
काल शमशादभाभीनं तो उचलून उजेडात धरला,
“ह्याची पाठीला पट्टी बसंल का?”
मी मनगट खाजवत होते, ते अजून थांबलं नाही.
म्हटलं, बसंल.
पण उरेब कापावी लागेल.