डब्यासहित, डब्याविना

चर्च स्ट्रेटनच्या वर, लाँग मिंडच्या पठारावर
मार्चमध्ये आमच्या ग्लायडरची तपासणी.
एमरिस प्रॉबर्ट गुडघे टेकून कॉकपिटात शिरतो,
बाहेर नुसती पाठ, आतून आवाज:
“होकायंत्रात बुडबुडा. वाटाण्याएवढा.”

काढून टाकू या की, मी म्हणते.
स्क्रीन आहे, उपग्रह आहेत, खिशात फोन आहे.
आणि घिरट्या घेताना हा काटा काय कामाचा?
वळण संपलं तरी गरगरतो,
जत्रेतल्या पाळण्यातून उतरलेल्या पोरासारखा.

“स्क्रीन सांगते तू कुठे चाललीस.
नाक कुठे आहे, ते नाही सांगत.
वारा आडवा असला की या दोन वेगळ्या गोष्टी.”

आणि नियम?

“नियमाचं नंतर बघू.
आधी डावीकडच्या खिशात काय आहे, ते काढ.”

डबा.
दोन पोळ्या, शेंगदाण्याची चटणी,
इचलकरंजीच्या बाजारात घासाघीस करून घेतलेला.
काढला, काटा सरकला सहा अंश.
ठेवला, पुन्हा तिथेच.
आम्ही चारदा करून पाहिलं, उगाच.

कुणी म्हणेल, काट्याला घराची ओढ.
नाही हो. घर पूर्वेला कुठेतरी,
आणि काटा झुकला होता पश्चिमेला.
स्वस्तातलं झाकण, लोखंड जास्त, बास.

मग शेपटी ढकलत गवतावर बारा दिशा फिरलो.
मेंढ्या रवंथ करत बघत होत्या.
एमरिसनं पेन्सिलनं तक्ता लिहिला,
पाटीच्या खाली चिकटवला.
रकाने दोन:
डब्याविना. डब्यासहित.

जुलैत, क्लनच्या वर, बॅटरी गेली.
स्क्रीन काळी. फोन तापून आधीच बंद.
खाली धुरकट, वर दुधासारखं आभाळ,
सूर्य असता तर त्याच्यावर भागवलं असतं.
वेग धरला, पंख सरळ केले,
काटा शांत व्हायची वाट पाहिली.

कुठला रकाना?
पोळ्या दोन वाजताच संपल्या होत्या.
क्षणभर खरंच वाटलं, आता डब्याविना.
पण जेवण संपलं म्हणून
डबा ओढायचा थांबत नाही.

चाळीस हवेत, चव्वेचाळीस धर.
धरले.
बराच वेळ काहीच नाही.
मग जांभळट हेदर, मग मेंढ्या,
मग वाऱ्याचा मोजा, आणि त्याच्याखाली
कमरेवर हात ठेवून उभी एक ओळखीची पाठ.

बुडबुडा अजून आहे.
मार्चमध्ये बघू.