हवा लागू दे

साखर पेठेतल्या आमच्या शाळेत
प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट.
किल्ली शिपाई गुरप्पाकडे,
आणि गुरप्पा लग्नाला इंडीला गेलेला.
तेव्हा नववी ‘ब’ला मी मॅग्नेशियमची फीत
खडूनेच पेटवून दाखवली.

बाणाच्या डावीकडे अभिक्रियाकारके,
उजवीकडे उत्पादिते.
इकडे जेवढे अणू, तिकडे तेवढेच.
एकही गहाळ नाही, एकही आगंतुक नाही.
मोजा, म्हटलं.
त्यांनी मोजले,
शनिवारी कारखान्याच्या दारात
पगार मोजतात तसे,
दोनदा.

मग म्हटलं, घरातला रासायनिक बदल सांगा.
दूध नासतं.
सायकलची साखळी गंजते.
अंबादास येमूल म्हणाला, आई विड्या वळती.
तो भौतिक, मी म्हटलं. पान पानच राहतं,
तंबाखू तंबाखूच.
“आन् वडली तर?”
वर्ग हसला, मीही हसले.
ओढली तर रासायनिक.
राखेचं परत पान होत नाही.

तेव्हा शेवटच्या बाकावरून श्यामला गड्डम,
जिची हजेरीसुद्धा मला ओठांवरून वाचावी लागते,
म्हणाली,
“आमच्या अप्पांचं परत होतंय की, बाई.
निळ्याचं पिवळं, पिवळ्याचं निळं.”

रविवारी गेले बघायला.
पत्र्याचं रंगघर, भट्टीवर हौद,
कास्टिकचा वास घशात अडकणारा.
नीळ मोठी हट्टी बाई,
पाण्यात विरघळायचं नावच घेत नाही.
तिला हायड्रो पाजायचा, ऊब द्यायची,
मग ती निळेपण सोडते
आणि हौद होतो मोसंबीच्या रसासारखा.
नरसय्या गड्डमनी काठीवर सुताची लडी बुडवली,
काढली.
पिवळी.
मी हात पुढे केला तर म्हणाले,
“थांबा. हवा लागू दे.”

आणि लडीच्या एका कडेने हिरवं चढू लागलं,
कैरीचं, मग पोपटाचं,
मग पेन उलटं ठेवल्यावर खिशाला पडतो
त्या डागाचं निळं.
मी सतरा वर्षं ऑक्सिडीकरण शिकवते.
ते होताना उभी राहून पाहिलं नव्हतं.

“किती वेळ लागतो?” मी विचारलं.
“एक चहा. घाई केली की चट्टे पडतात.”
त्यांची नखं कोपरापर्यंतच्या हातांहून जास्त निळी होती.
ती मात्र पिवळी होत नसावीत,
कुठल्याही हायड्रोने.
हे मी विचारलं नाही.

रात्री वहीत समीकरण मांडलं.
मोठा रेणू, सोळा कार्बन,
तीनदा खोडलं, पहाटे जमलं:
पिवळे दोन, हवेतला ऑक्सिजन एक,
निळे दोन,
आणि पाण्याचे दोन रेणू.

सोमवारी फळ्यावर लिहिलं.
अंबादास उठला. “पाणी निघतंय?
मग आमच्या नळाला पाचव्या दिवशी का?”
त्याला उत्तर दिलं नाही,
ते समीकरण माझ्याच्यानं संतुलित होत नाही.
पण पुस्तकात जिथे छापलंय
‘रासायनिक बदल परत फिरत नाही’
तिथे सगळ्यांना एक शब्द घालायला लावला,
पेन्सिलीने, ‘सहसा’.
श्यामलाने तो शाईने घातला.

मंगळवारी गुरप्पा आला, कपाट उघडलं.
दोन परीक्षानळ्या,
एक मेलेलं झुरळ,
आणि मॅग्नेशियमची फीत,
बंद दारामागेही हवा लागून काळवंडलेली.
आता काय, मी म्हटलं.
“घासा की,” श्यामला म्हणाली,
या वेळी पहिल्या बाकापर्यंत ऐकू आलं,
“आत पांढरी असंल.”

गुरप्पाला पॉलिश कागद आणायला पाठवलंय.
अजून आला नाही.