लुमी

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही,
तरी मी ठामपणे वाचलं: लुमी.
मत्रहच्या पेढीची वही, पान एकेचाळीस.
‘लुमीचे रुपये सव्वाचार.’
पुढे, ‘लुमी वाळली, आता धाडावी.’
वाळली म्हणजे खंगली. धाडावी म्हणजे माहेरी.
तिसरं प्रकरण तिचंच झालं.
गाईड म्हणाले, आवाज सापडला तुला.

आज सूकमध्ये, खल्फानच्या दुकानात,
कालवणाला काहीतरी आंबट मागितलं.
त्याने तळहातावर ठेवलं
काळं, सुरकुतलेलं, सुपारीहून थोरलं लिंबू.
“लूमी,” म्हणाला,
आणि सुटे पैसे मोजू लागला.

मी हसले. मग कानशिलं तापली.

खोलीवर एसी घरघरतोय.
एकशे बारा तळटीपा.
त्यातली आणखी कितीजणं
दोरखंड निघतील, मासळी निघतील,
कुण्या खलाशाची शिवी?
आणि मला डॉक्टर म्हणायचं ठरलंय
येत्या जूनमध्ये.

प्रकरण खोडायला घेतलं, नाव खोडवेना.
लिंबू कानाशी धरून हलवलं.
आत बिया वाजतात.
कुणीतरी ही उन्हात पसरली होती,
रोज उलथली होती, वाळेपर्यंत.
कुणी, ते वहीत नाही.