कुंपणाचा दगड

पुस्तकाच्या पहिल्या पानावर बोर्डानं चिकटवलेली चिठ्ठी:
'हा केवळ एक सिद्धांत आहे.'
ड्रायलिंगबाई ती काढत नाहीत.
वर्गाला मोठ्यानं वाचायला लावतात,
मग विचारतात, 'केवळ' म्हणजे किती?

कॅन्सस. मार्च. खिडकीबाहेर गहू वीतभर.
समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर.

आर्लोचा बाप चर्चमध्ये डीकन.
त्यानं लिहून दिलंय: सातव्या प्रकरणाच्या वेळी
माझा मुलगा ग्रंथालयात बसेल.
बसतो.
मधली भिंत प्लायवूडची आहे.

मंगळवारी बाई मुलांना घेऊन जातात
रस्त्यापलीकडच्या कुंपणाशी.
या मुलखात झाडंच नव्हती, म्हणून पणजोबांनी
खांबसुद्धा दगडाचे काढले, जमिनीतून,
पाव कापावा तसे.
'हात लावा,' बाई एवढंच म्हणतात.
शिंपले. बशीएवढे. वळ्या अजून बोटांना लागतात.
खांबाला काटेरी तार,
तारेला कुणाच्या तरी गाईचे केस.

सुट्टीनंतर आर्लो टेबलाशी उभा.
मूठ उघडतो: शार्कचा दात, काळा, धार न गेलेला.
'बाबांच्या ट्रकमध्ये असतो, ॲशट्रेत.
शेतात सापडला होता त्यांना,
माझ्याएवढे होते तेव्हा.
टाकवत नाही म्हणतात.'

बाई दात उजेडात धरतात.
किती जुना, ते सांगत नाहीत.
आर्लोनं अजून विचारलेलं नाही.

'संध्याकाळच्या आत जागेवर ठेव,' म्हणतात,
'शोधतील ते.'